सॉर्न केलेली गाडी, खाजगी रस्ता आणि दंडाचं पत्र: एक प्रकरण अभ्यास

इंग्लंडमध्ये नव्या वसाहतीत घर घेतलेल्या कुठल्याही मराठी कुटुंबावर येऊ शकेल असं हे प्रकरण आहे. ते नमुन्यादाखल बांधलं आहे, कुणा एकाच्या कागदपत्रांवरून घेतलेलं नाही. त्यातला कायदा, रकमा आणि मुदती मात्र खऱ्या आहेत.

काय घडलं

कुटुंबाकडे २०१९ साली नोंदलेली एक पेट्रोल गाडी आहे. १ एप्रिल २०२५ पासून अशा गाडीचा वाहन कर वर्षाला १९५ पौंड झाला. आईच्या शस्त्रक्रियेसाठी सगळ्यांना पावणेचार महिने पुण्याला जायचं होतं. गाडी उभीच राहणार, म्हणून ३ जून २०२५ रोजी त्यांनी ती सॉर्न केली, म्हणजे ‘ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर नसेल’ असं डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांची नोंदणी आणि कर पाहणाऱ्या सरकारी संस्थेला, रीतसर कळवलं. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा कर परत आला. गाडी घरासमोरच्या, त्यांना नेमून दिलेल्या जागेत लावली आणि कुटुंब ५ जूनला निघालं.

सप्टेंबरच्या शेवटी परतल्यावर दारामागच्या टपालात डीव्हीएलएचं पत्र पडलेलं होतं. १४ ऑगस्टला गाडी सार्वजनिक रस्त्यावर विनाकर उभी दिसली, सॉर्नचा भंग झाला, तडजोडीची रक्कम भरा, नाहीतर खटला. सॉर्न असताना ही रक्कम ३० पौंड अधिक थकीत कराच्या दुप्पट असते, सॉर्न नसेल तर ३० पौंड अधिक दीडपट. जुलै आणि ऑगस्ट असे दोन महिने धरले तर थकबाकी ३२.५० पौंड, तिची दुप्पट ६५, वर ३०, म्हणजे ९५ पौंड. रक्कम छोटी वाटते, आणि म्हणूनच बरेच जण ती भरून मोकळे होतात. पण कोर्टात गेल्यास सॉर्नभंगाचा दंड २,५०० पौंडांपर्यंत किंवा वार्षिक कराच्या पाचपट, यातला जो जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. शिवाय थकीत कर वेगळा द्यावा लागतो. तडजोड भरली की प्रकरण तिथेच मिटतं, मग ‘रस्ता खाजगी होता’ हे सांगायला जागा उरत नाही. म्हणून आधी भरून नंतर भांडू हा बेत इथे चालत नाही.

महाराष्ट्रात खाजगी गाडीचा कर नोंदणीच्या वेळीच एकरकमी भरलेला असतो. दरवर्षी कर किंवा सॉर्न यांपैकी एक चालू ठेवायचं ही सवय तिकडून आलेल्यांना नसते. या कुटुंबाने मात्र ती बाजू चोख सांभाळली होती, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

दोन कुलपं

इंटरनेटवर अजून एक जुना सल्ला फिरतो: रस्ता खाजगी असेल तर कर लागतच नाही. २००८ पर्यंत यात तथ्य होतं. १९९४ च्या व्हेइकल एक्साइज अँड रजिस्ट्रेशन ॲक्टचं कलम २९ तेव्हा सार्वजनिक रस्त्यापुरतंच होतं. २००८ च्या फायनान्स ॲक्टने ‘सार्वजनिक रस्त्यावर’ हे शब्द मूळ गुन्ह्यातून काढले. आता विनाकर गाडी ठेवणं हाच गुन्हा आहे, मग ती कुठेही असो, आणि त्याला अपवाद म्हणून दोन अटी एकत्र जोडल्या आहेत: सॉर्न दिलेलं असून ते कधीही मोडलेलं नसावं, आणि गाडी सार्वजनिक रस्त्यावर नसावी. दोन्ही कुलपं उघडली तरच दार उघडतं.

म्हणजे सॉर्न नसेल तर रस्ता कितीही खाजगी असला तरी उपयोग नाही. उलट नुसत्या संगणकी नोंदीवरूनच ८० पौंडांचं पत्र येतं. त्याला लेट लायसन्सिंग पेनल्टी म्हणतात. ३३ दिवसांत भरल्यास ती निम्मी होते. त्या पत्राला गाडी कुठे उभी होती याच्याशी काहीच देणंघेणं नसतं, म्हणून तिथे रस्त्याचा मुद्दा काढणं म्हणजे वेळ घालवणं. हातात पडलेलं पत्र दोहोंपैकी कुठलं आहे हे सर्वांत आधी वाचा. जागा, तारीख आणि वेळ लिहिलेली असेल तर गाडी प्रत्यक्ष पाहिली गेली आहे आणि रस्त्याचा मुद्दा लागू आहे.

सॉर्नचं कुलूपही वाटतं तितकं साधं नाही. ऑनलाइन सॉर्न करताना लॉगबुकवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा, ११ अंकी क्रमांक टाकला तर ते लगेच लागू होतं. डीव्हीएलएकडून येणाऱ्या कराच्या आठवणपत्रावरचा १६ अंकी क्रमांक टाकला तर ते पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून लागू होतं. सॉर्न गाडीबरोबर विकलं जात नाही. जुन्या मालकाने केलेलं सॉर्न नव्या मालकाच्या नावावर चढत नाही, त्याने स्वतःचं करावं लागतं. सेकंडहँड गाडी घेऊन ‘आधीच्याने सॉर्न केलंय’ म्हणत ती तशीच ठेवणारे इथेच फसतात. दरवर्षी नूतनीकरणाची अट मात्र डिसेंबर २०१३ पासून गेली आहे. एकदा केलेलं सॉर्न कर भरेपर्यंत, गाडी विकेपर्यंत, भंगारात काढेपर्यंत किंवा कायमची परदेशी नेईपर्यंत टिकतं.

कुटुंबाने ११ अंकी क्रमांक वापरला होता आणि पोचपावतीची ईमेल जपून ठेवली होती. पहिलं कुलूप उघडलं.

‘खाजगी’ म्हणजे नक्की काय

खरी मेख दुसऱ्या कुलपात आहे, आणि बहुतेक तक्रारपत्रं इथेच घसरतात. लोक रस्त्याच्या मालकीवर बोलतात. कायद्याला मालकीशी कर्तव्य नाही. कलम ६२ मध्ये इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडसाठी ‘पब्लिक रोड’ची व्याख्या एवढीच आहे: जो रस्ता ‘रिपेअरेबल ॲट द पब्लिक एक्सपेन्स’ आहे तो. दुरुस्तीचा खर्च सार्वजनिक पैशातून करायचा आहे का, हा एकच प्रश्न. स्कॉटलंडसाठी व्याख्या १९८४ च्या रोड्स (स्कॉटलंड) ॲक्टकडे बोट दाखवते. तिथे स्थानिक रस्ते प्राधिकरणाची सार्वजनिक रस्त्यांची यादी पाहावी लागते.

एकदा हे पक्कं लक्षात आलं की अनेक पुरावे कुचकामी ठरतात. ‘प्रायव्हेट रोड’ अशी पाटी कुणीही लावू शकतं. लँड रजिस्ट्रीचा उतारा जमीन बिल्डरच्या नावावर दाखवत असेल, तरी कौन्सिलने (स्थानिक प्रशासनाने) अडॉप्ट केलेल्या, म्हणजे देखभालीसाठी ताब्यात घेतलेल्या, रस्त्याखालची माती कागदोपत्री खाजगीच राहू शकते. वरचा रस्ता सार्वजनिक आणि खालची जमीन खाजगी, असं सर्रास असतं. याच्या उलटही होतं. एखाद्या रस्त्यावरून लोक रोज ये-जा करत असतील, तो नकाशावर दिसत असेल, त्यावर टपाल येत असेल, पण कौन्सिलने तो कधीच ताब्यात घेतलेला नसेल. अशा रस्त्याची दुरुस्ती रहिवाशांच्या वर्गणीतून होते, आणि या कायद्यापुरता तो सार्वजनिक नाही.

नव्या वसाहतीत रस्ते सहसा बिल्डर बांधतो आणि १९८० च्या हायवेज ॲक्टच्या कलम ३८ खालच्या कराराने ते पुढे कौन्सिलच्या हवाली करायचे असतात. काही रस्ते या करारात कधीच नसतात, ते वसाहतीची देखभाल पाहणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीकडे राहतात. जे असतात तेही हवाली व्हायला वर्षं लागू शकतात. करार झाला म्हणजे अडॉप्शन झालं असं नाही. कौन्सिलने रस्ता प्रत्यक्ष ताब्यात घेण्याची तारीख महत्त्वाची.

कौन्सिलच्या मालकीच्या घरांच्या वसाहतीतले रस्ते आणि पार्किंगच्या जागा हा सर्वांत घोळाचा प्रकार आहे. तिथे जमीन कौन्सिलची, दुरुस्ती कौन्सिलच्या गृहनिर्माण खात्याकडून, पण रस्ता महामार्गांच्या यादीत नाही (इथे महामार्ग म्हणजे कायद्यातला ‘हायवे’, त्यात गल्लीबोळातला सार्वजनिक रस्ताही येतो). ‘सार्वजनिक खर्च’ हे शब्द अशा रस्त्यालाही लागू पडतात असं समोरचा म्हणू शकतो. तुमची गाडी अशा जागी असेल तर खाली दिलेली सोपी वाट पुरणार नाही. सिटिझन्स ॲडव्हाइस ही मोफत सल्ला देणारी संस्था किंवा वकील गाठा.

पुरावा कुठून आणायचा

हायवेज ॲक्टच्या कलम ३६ नुसार प्रत्येक स्थानिक महामार्ग प्राधिकरणाला आपल्या खर्चाने राखायच्या रस्त्यांची यादी ठेवावी लागते आणि ती कुणालाही विनाशुल्क पाहता येते. बऱ्याच कौन्सिलांनी ती ऑनलाइन नकाशावर टाकली आहे. सुरुवात फाइंडमायस्ट्रीट या संकेतस्थळावरून करा. तिथे रस्ता निवडला की त्याची देखभाल सार्वजनिक आहे, पुढे व्हायची आहे की खाजगी आहे, हे दिसतं. पण तो फक्त इशारा समजा, पुरावा नव्हे.

पुरावा म्हणून लागतो तो कौन्सिलचा हायवे एक्स्टेंट प्लॅन. हा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा असतो आणि सार्वजनिक खर्चाने राखायचा भाग त्यावर रंगवलेला असतो. त्याच्यासोबत एक ओळीचं ईमेल मागा, आणि त्यात प्रश्न तारखेसह विचारा: ‘१४ ऑगस्ट २०२५ रोजी घर क्रमांक २७ समोरचा भाग सार्वजनिक खर्चाने राखण्याजोगा महामार्ग होता का?’ तारीख न घालता विचारलं तर उत्तर आजच्या स्थितीचं मिळतं. तुम्ही पुण्यात असताना रस्ता अडॉप्ट झाला असेल, किंवा दंडानंतर झाला असेल, तर सगळं बदलतं. काही कौन्सिल यासाठी शुल्क घेतात, काही घेत नाहीत.

घर विकत घेतलेलं असेल तर हे उत्तर बहुधा तुमच्या कपाटातच आहे. खरेदीच्या वेळी सॉलिसिटरने केलेल्या सीओएन २९ शोधात, म्हणजे कौन्सिलला पाठवलेल्या ठरावीक प्रश्नावलीत, रस्त्यांची स्थिती विचारलेली असते: कुठला भाग सार्वजनिक खर्चाने राखला जातो, कुठला अडॉप्शनच्या करारात आहे. ते उत्तर जुनं असेल, पण कौन्सिलच्या नव्या ईमेलला ते चांगला जोड देतं. मॅनेजमेंट कंपनीचं वार्षिक बिलही जोडा, विशेषतः त्यात रस्त्याच्या देखभालीचा रकाना असेल तर.

या प्रकरणात नकाशा आल्यावर घोटाळा उघड झाला. रस्त्याचं नाव एकच होतं, रस्ते मात्र दोन. मुख्य रस्त्यापासून घर क्रमांक १२ पर्यंतचा डांबरी भाग अडॉप्ट केलेला, आणि कौन्सिलच्या यादीत नावापुढे ‘पार्ट’ असं लिहिलेलं. तिथून पुढे विटांचा फरसबंदी भाग, तो मॅनेजमेंट कंपनीकडे. दोन्हींचा पोस्टकोडही एकच. पत्रात जागा म्हणून फक्त रस्त्याचं नाव आणि पोस्टकोड होता. नाव यादीत सापडलं आणि रस्ता सार्वजनिक धरला गेला. एका नावाखाली अर्धा रस्ता सार्वजनिक असू शकतो, हे नुसतं नाव शोधणाऱ्याला दिसत नाही.

जागेवर जाऊन पाहिलं तर सीमा डोळ्यांना दिसते. डांबर संपतं तिथे आडवी काँक्रीटची पट्टी आहे, साधारण हाताच्या पंजाएवढी रुंद, आणि तिच्या पलीकडे लाल विटा सुरू होतात. गाडीची जागा या पट्टीपासून टेपने मोजून ३१ मीटर आत. फोटो असे काढले: एकात पट्टी, तिच्यावरची टेप आणि मागे गाडी, दुसऱ्यात गाडी, घराचा क्रमांक आणि शेजारच्या दिव्याच्या खांबावरची क्रमांकपट्टी, तिसऱ्यात चारही चाकं आखलेल्या जागेच्या आत. हा तिसरा फोटो विसरू नका. चाक किंवा बंपर अडॉप्ट केलेल्या फुटपाथवर येत असेल, तर ‘अर्धी गाडी आत होती’ म्हणून सुटका नाही. सार्वजनिक भागावरचा फुटपाथ आणि कडेचा हिरवा पट्टाही रस्त्यातच मोडू शकतो, म्हणून एक्स्टेंट प्लॅनवर रंग कुठे थांबतो ते घराच्या कोपऱ्यापासून मोजून पाहावं.

राहिला प्रश्न त्या दिवशी गाडी तिथेच होती याचा. त्यासाठी निघताना आणि परतल्यावर काढलेले किलोमीटर-मैल दाखवणाऱ्या काट्याचे फोटो, विमानाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के आणि शेजाऱ्याचं तारखेसह सही केलेलं चार ओळींचं निवेदन पुरेसं होतं. दोन्ही फोटोंत आकडा एकच.

पत्र

उत्तर लेखी, पत्रातल्या मुदतीच्या आत, पत्रावरच्याच पत्त्यावर. पोस्टात विनामूल्य मिळणारा टपाल टाकल्याचा दाखला घ्या आणि सगळ्याची प्रत ठेवा. पत्र एका पानाचं बस. आपला गाडी क्रमांक आणि संदर्भ क्रमांक, मग सरळ मुद्दा: सॉर्न ३ जून २०२५ पासून लागू आहे, पोचपावती सोबत; १४ ऑगस्टला गाडी घर क्रमांक २७ समोर होती; तो भाग कलम ६२ नुसार ‘रिपेअरेबल ॲट द पब्लिक एक्सपेन्स’ नाही, कौन्सिलचं ईमेल आणि नकाशा सोबत; म्हणून कलम २९ मधला अपवाद लागू होतो आणि सॉर्नचा भंग झालेला नाही; कारवाई मागे घेतल्याचं लेखी कळवा. आणि एक मागणी: गाडी पाहिली त्याचे फोटो, नेमकी जागा आणि वेळ पाठवा.

फोटो नुसते मागून येत नसतील तर सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट, म्हणजे आपल्याबद्दलची नोंदवलेली माहिती मागणारा अर्ज, करा. ती फुकट असते आणि साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. पण त्यामुळे तडजोडीची मुदत आपोआप थांबत नाही, म्हणून उत्तर येईपर्यंत प्रकरण थांबवावं अशी विनंती त्याच पत्रात लिहावी.

पत्रात काय लिहू नये हेही तितकंच महत्त्वाचं. आईचं आजारपण, कर परत मिळालेली रक्कम, आपण नेहमी नियम पाळतो वगैरे गोष्टी खऱ्या असल्या तरी मुद्दा पातळ करतात. वाचणाऱ्याला फक्त दोन कुलपं उघडून दाखवायची आहेत. ‘चूक झाली असल्यास माफ करा’ हे आपल्याकडचं सौजन्य इथे कबुलीसारखं वाचलं जातं.

ऐकलं नाही तर

डीव्हीएलएने नकार दिला आणि तडजोड भरली नाही, तर सिंगल जस्टिस प्रोसीजर नोटीस येते. उत्तराला २१ दिवस. ‘नॉट गिल्टी’ लिहिलं की प्रकरण मॅजिस्ट्रेट कोर्टात उघड सुनावणीला जातं. काहीच उत्तर न दिल्यास एक मॅजिस्ट्रेट कागदांवरून तुमच्या गैरहजेरीत निकाल देतो. खटला भरण्यालाही मर्यादा आहे: पुरेसा पुरावा हाती आल्यापासून ६ महिने, आणि कुठल्याही परिस्थितीत घटनेपासून ३ वर्षं.

कोर्टात कोणी काय सिद्ध करायचं यावर वकील वाद घालू शकतील. तुम्ही त्यावर विसंबू नका. अपवाद तुम्हीच सिद्ध करायचा आहे असं धरून नकाशा, ईमेल, फोटो यांच्या तीन प्रती घेऊन जा.

भारतात महिनोन्महिने असणाऱ्यांसाठी सर्वांत उपयोगाची गोष्ट ही: नोटीस बंद घरात पडून राहिली आणि तुमच्या नकळत दोषी ठरवलं गेलं, तर ते कळल्यापासून २१ दिवसांत वैधानिक प्रतिज्ञापत्र करता येतं. ते मान्य झालं की तो निकाल रद्द होतो आणि प्रकरण पुन्हा सुरुवातीला येतं. २१ दिवस कळल्यापासून मोजायचे असल्याने, परतल्यावर ते पाकीट कधी उघडलं ती तारीख लिहून ठेवा.

गाडीला जॅमर लागला असता तर क्रम उलटा झाला असता, आधी पैसे आणि मग वाद. २४ तासांच्या आत सोडवली तर १०० पौंड, उचलून नेली तर २०० आणि ठेवणावळ दिवसाला २१ पौंड, शिवाय सोडवताना कर भरलेला नसेल तर साध्या गाडीला १६० पौंड अनामत. प्रत्येक पावती ठेवून परताव्याची मागणी याच दोन मुद्द्यांवर करायची. इंग्लंड-वेल्समध्ये खाजगी जमिनीवर खाजगी कंपनीने जॅमर लावणं २०१२ पासून बंद आहे, पण ती बंदी डीव्हीएलएला लागू नाही.

करातून सुटलात, विम्यातून नाही

१९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टमधली ‘रोड’ची व्याख्या वेगळी आणि रुंद आहे: लोकांना जायला-यायला मोकळा असलेला कुठलाही रस्ता. फाटक नसलेला वसाहतीचा रस्ता करासाठी सार्वजनिक नसेल, पण विम्यासाठी ‘रोड’ ठरू शकतो. सॉर्न केल्यावर विमाही बंद करून गाडी अशा रस्त्यावर ठेवणं म्हणजे छोट्या दंडातून सुटून मोठ्यात पडणं. विनाविमा गाडीला ठरावीक दंड ३०० पौंड आणि परवान्यावर ६ पॉइंट. म्हणून उघड्या वसाहतीत सॉर्नच्या काळातही विमा चालू ठेवा. घराच्या खरेदीखतात ‘विनाकर गाडी वसाहतीत उभी करू नये’ अशी अट आहे का, तेही पाहा. ती असेल तर मॅनेजमेंट कंपनी वेगळी तक्रार करू शकते. डीव्हीएलएच्या दंडाशी तिचा संबंध नाही.

कुटुंब परतल्यावर गाडीची एमओटी, म्हणजे दरवर्षीची सुरक्षा तपासणी, संपलेली होती, आणि एमओटीशिवाय कर भरता येत नाही. सॉर्न केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर न्यायला एकच मुभा आहे: आधी वेळ ठरवलेल्या एमओटीला किंवा तशा दुसऱ्या तपासणीला जाणं-येणं, तेही विम्यासह. गॅरेजच्या वेळेचं ईमेल फोनवर उघडं ठेवून गाडी काढायची, तपासणी झाली की गॅरेजमध्येच उभं राहून ऑनलाइन कर भरायचा. त्यानंतर विटा कुठे संपतात आणि डांबर कुठे सुरू होतं, हे त्या गाडीला मोजावं लागत नाही.